पूर यायच्या आधी गाव कसं बांधायचं: नदीकाठच्या नवख्या कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपंचायतीत नवीन निवडून आलाय, पोलीस पाटील म्हणून नुकतीच ऑर्डर हातात पडलीय, नाहीतर मंडळाच्या पोरांना "यंदा पुरासाठी कायतरी करूया" असं वाटायलंय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी काय सरकारी माणूस नव्हे. पंचगंगेच्या काठावर राहतो आणि गावाच्या पूर समितीत काम करतो. हे काम करताना कुठं अडायला होतं, कुणाला भेटावं लागतं, कुठला कागद आधी लागतो हे कुणी एका जागी सांगत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. गाव कधी सोडायचं हा निर्णय रात्री दोन वाजता दारात पाणी आल्यावर घ्यायचा नसतो, तो मे महिन्यात उन्हात बसून सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. खाली जे काय सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

१. आपलं पाणी कुठनं येतं ते आधी बघा

पावसाळा लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडात एकच आकडा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला ती ५५ च्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या आसपास. पाटबंधारे खात्याचा रोजचा मेसेज येतो, किती फूट किती इंच, किती बंधारे पाण्याखाली, कुठल्या धरणातनं किती विसर्ग, आणि लोक तो न वाचताच दहा ग्रुपवर ढकलतात.

पण तो आकडा कसबा बावड्याजवळच्या बंधाऱ्यावरचा, तुमच्या दारातला नव्हे. तुमचं गाव प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या बाजूला असेल तर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी तुमच्या डोक्यावर एकत्र येतं, म्हणून गगनबावड्याला आणि राधानगरीला काल रात्री किती पडला हे तुम्हाला आधी बघायला लागतं. आणि शिरोळ तालुक्यात असाल तर गणितच वेगळं. तिथं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा भरून चालली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फूग येते. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलेलं असतं आणि कुरुंदवाडकडं अजून चढत असतं. त्यामुळं शिरोळकरांनी राजाराम बंधाऱ्यासोबत कोयनेचा विसर्ग, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी, कृष्णेवरचा राजापूर बंधारा आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती सोडलंय हे पण बघायचं.

राधानगरीचं एक सांगून ठेवतो, कारण दरवर्षी बैठकीत यावर अर्धा तास जातो. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उचलतात, पाणी कमी झालं की आपोआप पडतात. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. म्हणजे सातही उघडले तर साधारण १० हजार क्युसेक, वर वीजगृहाचं वेगळं. "रात्री कुणीतरी मुद्दाम उघडले" असं कुणी म्हणालं तर हे सांगा आणि पुढच्या विषयाला लागा. धरणात आधीच किती जागा मोकळी ठेवायची हा वाद खरा आहे, अलमट्टीत पाणी अडवल्यानं इकडं तुंबतं का हा पण वाद खरा आहे, पण तो गावच्या बैठकीत मिटत नाही. त्या बैठकीत ठरवायचं ते आपल्या हातातलं.

२. बैठकीला कुणाकुणाला बोलवायचं

सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल ही यादी कुणी पण करेल. त्यात ही माणसं घाला:

- महावितरणचा वायरमन. लाईन कधी बंद करायची, डीपी किती उंचीवर आहे, त्याला माहिती असतं.
- दूध संस्थांचे सचिव. गावात कुणाच्या दारात किती जनावरं आहेत हे तलाठ्यापेक्षा यांना जास्त ठाऊक.
- आशाताई आणि अंगणवाडी सेविका. गरोदर बाई कुठल्या घरात, अंथरुणावरचं म्हातारं माणूस कुठं, डायलिसिसवाला कोण, सगळं तोंडपाठ.
- बचत गटाच्या बायका, सेवा सोसायटी, शाळेचे मुख्याध्यापक, पशुवैद्यकीय दवाखाना.
- ट्रॅक्टरवाले आणि पिकअपवाले. आयत्या वेळी यांच्याच पाया पडायला लागतं, मग आधीच मानानं बोलवा की.
- नदीवर वावरणारी कोळी, भोई मंडळी. भोवरा कुठं पडतो ते यांना विचारा.

आणि हमखास सुटतात ती माणसं म्हणजे भाडेकरू. एमआयडीसीत नाहीतर इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला जाणारी, बाहेरच्या राज्यातली, ओढ्याकडेच्या स्वस्त खोल्यांत राहणारी. मतदार यादीत नाव नाही म्हणून कुणाच्या लक्षातच नसतात. गावाच्या खालच्या अंगाला असलेली वस्ती तशीच, पाणी पहिलं त्यांच्यात शिरतं आणि बैठकीत बोलायला शेवटी मिळतं. त्यांच्या गल्लीत वेगळी बैठक लावा. इकडं बोलवून ते बोलणार नाहीत.

बैठकीची वेळ ठेवताना संध्याकाळचं दूध घालून झाल्यावरची ठेवा, नाहीतर बायका येणार नाहीत आणि नुसती पुरुषांची चर्चा होऊन चहा पिऊन सगळे घरला. जागा शाळा नाहीतर देवळाचा मंडप. कुणा पुढाऱ्याच्या दारात अजिबात नको. आपल्याकडं ग्रामपंचायत एका गटाची, सोसायटी दुसऱ्याची, दूध संस्था तिसऱ्याची, हे काय नव्यानं सांगायला नको. एका गटाच्या अंगणात बैठक झाली की दुसऱ्या गटाचे ट्रॅक्टर पुरात पण बाहेर निघत नाहीत.

३. गाव पायी फिरा आणि खुणा मारा

हे काम एप्रिल-मे मध्ये, सकाळी. दहा-पंधरा जणांनी गाव फिरायचं, सोबत म्हातारी माणसं पाहिजेतच. एकाच्या हातात मोजपट्टी, एकाच्या हातात ऑईलपेंटचा डबा, एकाकडं वही, आणि कुणीतरी पोरगं मोबाईलवर लोकेशन टाकत चाललेलं.

प्रत्येक चौकात थांबून विचारायचं, ८९ ला कुठवर होतं, २००५ ला कुठवर, २०१९ ला, २०२१ ला. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जिथं दोघा-तिघांचं जुळतं तिथं पट्टी मारून साल टाका. खासगी भिंतीवर विचारून मारा, खांबावर मारायचं तर वायरमनला सांगून.

आमच्या फेरीत एक आजी म्हणाली ते सगळ्यांनी कान देऊन ऐकण्यासारखं होतं. सगळी पोरं नदीच्या घाटाकडं निघाली होती आणि ती मागंच थांबली, म्हणाली, "आरं तिकडं काय बघतायसा, पाणी नदीकडनं न्हाई येत, मागनं वड्यातनं येतंय." आणि खरंच तसंच आहे. घाट उंच, बांधलेला. नदी फुगली की पाणी ओढ्यातनं उलटं वर चढतं, गावाच्या पाठीमागची पाणंद (शेताकडं जायची वाट) भरते, मग रस्त्याखालची मोरी, मग मेन रोड. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी बाहेर पडायचा रस्ता जातो.

म्हणून फेरीत घरांपेक्षा रस्त्याकडं जास्त लक्ष द्या. गावातनं बाहेर पडायचे किती रस्ते, त्यातला कुठला आधी बुडतो, कुठला शेवटपर्यंत राहतो, त्या शेवटच्या रस्त्यावर सगळ्यात खोलगट जागा कुठली. त्या जागेला एक जाड लाल पट्टी. तुमच्या गावाचा खरा धोका त्या पट्टीवर ठरतो. घराला पाणी लागेल तेव्हा निघू म्हणणारे लोकच नंतर बोटीची वाट बघत गच्चीवर बसतात.

नगररचना किंवा पाटबंधारेकडनं पूररेषेचा नकाशा पण मागून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. तुमच्या पट्ट्या आणि त्या रेषा शेजारी ठेवून बघा, नवीन घरकुलं, नवीन प्लॉट कुठं पाडलेत ते लगेच दिसतं. त्यावरनं भांडणं होतील, प्लॉट पाडणारे बैठकीतच बसलेले असतात. पण नकाशा भिंतीवर लावाच.

४. आकडा, खूण आणि माणूस

आता बंधाऱ्याचा आकडा आणि गावातली खूण जुळवायची. मागच्या पुरांचे मेसेज लोकांच्या मोबाईलमध्ये पडून असतात, फोटोंवर तारीख-वेळ असते, पाटबंधारेकडं त्या तारखांच्या पातळ्या असतात. दोन्ही शेजारी ठेवलं की तक्ता तयार होतो. असा काहीतरी (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही काढा):

- ३५ फूट: ओढ्याची मोरी भरली. नदीकाठचे मोटर-पंप वर काढायचे. जबाबदारी: पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी.
- ३८ फूट: पाणंदीत पाणी. खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान पोरं हलवायची. जबाबदारी: आशाताई आणि दोन पिकअपवाले.
- ३९ फूट: जनावरं हलवायला सुरुवात. जबाबदारी: दूध संस्थेचे सचिव.
- ४१ फूट: पाणी शेवटच्या रस्त्यावरच्या लाल पट्टीपासून एक हातावर. राहिलेली सगळी माणसं बाहेर. जबाबदारी: पोलीस पाटील आणि मंडळाची पोरं.
- ४२ फूट: वीज बंद. जबाबदारी: वायरमन.

यातला प्रत्येक आकडा लोकांनी ठरवलेला पाहिजे. वरनं आलेला आदेश लोक उद्यावर ढकलतात, "मागच्या टायमाला पण असंच म्हणालते, काय झालं?" पण आपणच ग्रामसभेत हात वर करून ठरवलेला आकडा आला की वाद घालायला तोंड राहत नाही. आणि समोर माणसाचं नाव पाहिजे, "ग्रामपंचायत" असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. प्रत्येकाला एक बदली माणूस पण द्या, कारण नेमका तो त्या दिवशी पाहुण्याकडं गेलेला असतो.

एक सावधगिरी. आकडा बघताना चढायचा वेग पण बघायचा. २०२१ च्या जुलैमध्ये दोन-तीन दिवसांच्या पावसात पाणी एवढं झपाट्यानं चढलं की २०१९ च्या अंदाजावर थांबलेले अडकले. तासाला किती इंच चढतंय हे कुणीतरी एकानं वहीत लिहायचं, आणि वेग जास्त असला तर एक पायरी आधीच हलायचं असं ठरावातच लिहून टाका.

५. जनावरांचं आधी ठरवा, माणसं आपोआप हलतात

माणसं घर सोडत नाहीत ती हट्टानं सोडत नाहीत असं बाहेरच्यांना वाटतं. दारात चार म्हशी बांधलेल्या असतात, त्यावर घर चालतंय, त्यांना कुठं नेणार? तुम्ही निवारा केंद्रात माणसांसाठी भात-आमटी केली आणि म्हशींची सोय नाही केली, तर घरातला एक माणूस मागं राहणारच. आणि एक राहिला की रात्री त्याला डबा न्यायला दुसरा पाण्यातनं जाणार.

नुकसानभरपाईच्या २०२२ च्या निकषात दुभत्या जनावरामागं ३७,५०० रुपये धरलेत. आज चांगल्या म्हशीचा बाजारातला भाव काय आहे ते तुम्हाला माहितीय. त्यामुळं भरपाईच्या भरवशावर कुणी जनावर सोडून येणार नाही.

काय करायचं: माळावरचं, उंचावरचं एखादं गाव धरा, जिथं आपल्या गावाचे पाहुणे-रावळे जास्त आहेत. तिथल्या सरपंचांना मे मध्येच भेटा, गायरान नाहीतर शाळेचं मैदान ठरवा, पाण्याचा टँकर कुठं लागेल ते बघा. कुणाची जनावरं कुणाच्या गोठ्यात जाणार हे घरागणिक लिहून घ्या. वैरणीचं कारखान्याशी, वरच्या गावच्या शेतकऱ्यांशी बोलून ठेवा, पुरात उसाचं वाडं मिळत नाही आणि कडब्याला सोन्याचा भाव येतो. दूध संस्थेला विचारा की तिथं तात्पुरतं संकलन चालू करता येईल का. २०१९ ला रस्ते बंद झाल्यावर संकलनच थांबलं होतं आणि दूध ओतून द्यायची वेळ आली होती. कानातला १२ आकडी बिल्ला सगळ्या जनावरांना मारून घ्या, नंतर पंचनाम्याला पण तो लागतो. आणि हलवणं शक्यच झालं नाही तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं.

६. ठराव आणि कागदं

तोंडी ठरलेलं पावसात वाहून जातं. ग्रामसभेत विषयपत्रिकेवर "ग्राम आपत्ती व्यवस्थापन आराखडा" असा विषय घालायला लावा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी ते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ती अट नसते, म्हणून पहिल्यांदा माणसं जमली नाहीत तर नाराज होऊ नका.

ठरावासोबत जोडायचं:

- खुणांचा नकाशा आणि आकड्यांचा तक्ता
- घरवार यादी: माणसं, आजारी, अपंग, जनावरं, भाडेकरूंसकट
- निवारा केंद्राचं संमतीपत्र (शाळा, मठ, मंगल कार्यालय, जे असेल ते) आणि जिथं जनावरं नेणार त्या यजमान गावाचं पत्र
- वाहनांची यादी, मालकाची सही, डिझेलचे पैसे कोण देणार ते स्पष्ट लिहून
- पोहणाऱ्या आणि आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक) प्रशिक्षण झालेल्या पोरांची यादी
- फोन नंबरांचं एक पान

प्रती तहसीलदार कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात द्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, नुसतं "ठेवा तिथं" नव्हे. एका कार्यालयात आमचा आराखडा पावसाळा संपेपर्यंत टपालाच्या ढिगात होता, पोच होती म्हणून बोलता तरी आलं. फोन नंबरांचं पान १५ जूनला परत तपासा, कारण बदल्या मे-जूनमध्ये होतात आणि तुमच्याकडं जुन्या साहेबांचा नंबर राहतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८ हे मात्र पाठ करून ठेवा.

आपदा मित्रचं विचारतच राहतात म्हणून सांगतो, १८ ते ४० वयाच्या लोकांसाठी १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं, जिल्हा आपत्ती कक्षात नाव द्यायचं. पोरीही पाठवा. निवारा केंद्रात रात्री बायकांना काय हवं-नको ते पोराला कुणी सांगत नाही.

७. बोट, दोरी, काहील

लाईफ जॅकेट, जाड दोर, मोठी बॅटरी, हातातला भोंगा, जनरेटर, फर्स्ट एड, कुऱ्हाड-करवत, क्लोरीनच्या गोळ्या, ताडपत्री. हे ग्रामपंचायतीच्या निधीतनं, मंडळांच्या वर्गणीतनं, जमेल तसं. सामान वरच्या मजल्यावर ठेवा, किल्ल्या दोघांकडं.

बोट घेतली म्हणून हुरळून जाऊ नका. २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं काढणारी बोट उलटून किती जीव गेले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बोटीत माणसं किती बसणार हा आकडा बोटीवर रंगवा, जॅकेटशिवाय कुणाला चढवायचं नाही, आणि चालवणारा ठरलेलाच. गूळ करायच्या मोठ्या कढईतनं, काहिलीतनं, माणसं काढायची आपल्याकडं जुनी सवय आहे, संथ पाण्यात शिवारात जमतं सुद्धा, पण धारेच्या पाण्यात काहील गरगर फिरते आणि तिला आवरता येत नाही. तिच्यावर प्लॅन उभा करू नका. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं बचाव पथक, येईल, पण त्यांना तुमच्या गावात कुठल्या गल्लीत तारा लोंबताहेत, कुठं विहीर आहे हे माहिती नसतं. ते आले की एक वाटाड्या त्यांच्या बोटीत बसवायचा, त्याचं नाव तक्त्यात लिहून ठेवा.

पेट्रोल-डिझेलचं विसरू नका. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला की शहरात पेट्रोल संपतं, गॅस येत नाही, भाजी महाग होते. ३५ फुटालाच टाक्या फुल करा.

८. मेसेजची शिस्त

गावाचा एकच ग्रुप, पोस्ट फक्त तिघांनी करायची, बाकी सगळ्यांना टाळं. "धरण फुटलं" हा मेसेज दर पुरात येतोच, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ लावून. दिवसातनं ठरलेल्या वेळी पातळी टाका, काही बदल नसला तरी टाका, म्हणजे लोक इकडं तिकडं विचारत बसत नाहीत. मोबाईलचे टॉवर बसतात, चार्जिंग संपतं, म्हणून देवळाचा स्पीकर, बॅटरीवर चालेल असा, आणि गल्लीगल्लीला एक पोरगं.

कोल्हापूर शहरातल्यांसाठी थोडकं

सुतारवाड्यातल्या लोकांना काय शिकवायचं नाही, पाणी येतंय म्हटलं की ते बोचकी बांधून तयार असतात, वर्षानुवर्षं चित्रदुर्ग मठात जातात. अडचण व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा अशा भागातल्या अपार्टमेंटवाल्यांची. पाणी जयंती नाल्यातनं, गटारीतनं उलटं येतं आणि पहिलं पार्किंग भरतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीनच गोष्टी ठरवा: गाड्या कुठं लावायच्या, लिफ्ट आणि मीटर कोण बंद करणार, वरच्या मजल्यावरचे आजारी आजी-आजोबा कधी हलवायचे. वर पाणी येत नाही म्हणून थांबता, पण उपसा केंद्रं बुडाली की नळाला पाणी नाही, लाईट नाही, आणि मग चौथ्या मजल्यावर बसून करणार काय?

आणि शाहूपुरी, बापट कॅम्पकडच्या कुंभार बांधवांना बैठकीत घ्या. पूर येतो तो नेमका गणपतीच्या आधी, मूर्ती रंगवून ठेवलेल्या असतात. ज्या मंडळांनी मूर्ती बुक केलीय त्यांनीच पोरं आणि टेम्पो द्यायचा, हे बुकिंग करतानाच बोलून घ्या.

९. पाणी ओसरल्यावर

चिखल धुवायच्या आधी पाण्याच्या खुणेचा फोटो, घरमालक फोटोत उभा, तारीख दिसेल असा. मेलेलं जनावर असेल तर पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय पुरू नका, बिल्ल्याचा फोटो काढा. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुकच्या झेरॉक्स आधीच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या असल्या तर बरं. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा गल्लीतला समितीचा एक माणूस सोबत फिरायचा, वाद घालायला नव्हे, बंद घरं आणि भाडेकरू सुटू नयेत म्हणून. भाडेकरूंचं सामान भिजतं आणि सानुग्रह अनुदान (पूरग्रस्तांना सरकारकडनं मिळणारी मदत) घरमालकाच्या नावानं निघतं, हे भांडण दर पुरात होतं, त्यामुळं घरवार यादी त्या दिवशी हातात पाहिजे.

पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा, जाहीर वाचन करायला लावा. नाव सुटलं असेल तर तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणि नवीन पाण्याची पट्टी भिंतीवर त्याच आठवड्यात मारून टाका, दिवाळीपर्यंत कुणालाच नक्की आठवत नाही पाणी कुठवर होतं.